लग्नगड्याचे लग्न

गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याची ही हकीकत. तो मुलूख आता पालघर जिल्ह्यात मोडतो. म्हणजे गोष्ट आपल्या शेजघरातलीच. तरीही ख्रिस्ती घरांतील पुस्तकांच्या फळीवर हा ग्रंथ आम्हांस क्वचितच दिसला. कारण उघड आहे. लेखिका कम्युनिस्ट, आणि तलासरी-डहाणूकडे मिशन व लाल बावटा यांचे फारसे सख्य नव्हते. सेमिनरीत असताना आम्ही हे पुस्तक प्रथम वाचले ते वर्तमानपत्राचे वेष्टन घालून. (त्या वेष्टनामुळेच वरिष्ठांना संशय आला, ही गोष्ट अलाहिदा.) अलीकडे ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा पूर्वी मनाला न शिवलेली एक शंका सारखी डोके वर काढू लागली. ती येथे मांडावी म्हणतो.

आधी ग्रंथाचे ऋण मान्य केले पाहिजे. पुण्याच्या सुशिक्षित घरात १९०७ साली जन्मलेली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजात काम केलेली ही स्त्री रानातल्या कुडाच्या झोपडीत जाऊन राहते, वारली जे खातात ते खाते, मैलोन्‌मैल पायी हिंडते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. माह्या धांगडा यांच्यासारखे मोजके वारली तेथे पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि साधे, सरळ निर्णय ठरले: रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी जमिनीवर राबायचे नाही, वेठ करायची नाही, मालकाने हात उगारला तर सोसायचे नाही, सर्वांनी एकीने राहायचे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. हे सारे लेखिका अलंकाराविना सांगते. मराठीत आदिवासींविषयी जे हळवे वाङ्मय विपुल लिहिले गेले आहे, त्याच्या शेजारी हे गद्य ठेवून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळेल. कीव भाकणारे एकही पान आम्हांस त्यात आढळले नाही.

ग्रंथाचा गाभा मात्र एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'लग्नगडी'. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये घेई. फेड करायची ती मालकाच्या शेतावर राबून. मजुरी म्हणजे पोटही न भरणारे धान्य, आणि हिशेब मालकाच्या वहीत. घेणाऱ्याला अक्षर ओळखीचे नाही. त्यामुळे कर्ज फिटले की नाही, हे सांगणारा एकच, तो म्हणजे मालक. गडी जन्मभर राबे. त्याची बायकोही त्याच कर्जात येई, आणि तिच्या अंगावरही आपलाच हक्क आहे असे मालक समजे. लेखिका हे प्रकरण आवाज न चढवता लिहिते, म्हणूनच वाचणाऱ्याला मान खाली घालावी लागते. तिने पराचा कावळा केला असे कोणास वाटल्यास, त्याने मुंबई सरकारच्या सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा लढ्यापूर्वीचा अहवाल पाहावा. तो तर कम्युनिस्ट नव्हता.

पोटाची भाकर, स्त्रीची अब्रू आणि जमातीची रीत, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत. लेखिकेने पहिल्या दोन सोडवून दाखवल्या. तिसरीपाशी ती थांबत नाही, आणि आमची तक्रार येथेच आहे.

वारली कर्ज काढी तो कशासाठी? लग्नासाठी, हे उत्तर ग्रंथ देतो. पण लग्न म्हणजे काय, हे विचारत नाही. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, चौकात पालघट देवीला बसवतात. धवलेरी गाऊन लग्न लावते. ना भटजी, ना पोथी. एक वडीलधारी स्त्री, आणि तिला तोंडपाठ असलेली गाणी. पैशाअभावी कित्येक जोडपी वर्षानुवर्षे तशीच नांदत, मुले होत, आणि गाठीला चार पैसे आले की मग धवलेरीला बोलावणे जाई. प्रसंगी आईबाप आणि त्यांची मुले यांची लग्ने एकाच मांडवात लागत. आम्ही धर्मगुरू अशा जोडप्यांविषयी काय म्हणत आलो, ते वाचकांस ठाऊक आहेच! पण जो माणूस इतकी वर्षे थांबून, अखेरीस आपली सारी हयात गहाण टाकून ते गाणे आपल्या दारी आणतो, त्याला आपण उधळ्या म्हणावे काय? ग्रंथ चालीरीतींची दखल घेत नाही असे नव्हे. परंतु लग्न त्यात मुख्यतः कर्जाचे कारण म्हणून येते. वारली स्त्री मालकाच्या तावडीतली दीन स्त्री म्हणून भेटते, पुढे लढणारी म्हणूनही भेटते. लग्न लावण्याचा अधिकार जिच्या गळ्यात आहे अशी स्त्री म्हणून ती लक्षात राहत नाही.

घर पेटले असता भिंतीवरचे चित्र कोण पाहत बसेल, असे लेखिकेच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते म्हणणे खोटे नाही. तिच्यापुढे उपाशी माणसे होती. पण 'जागा होतो' या क्रियापदात आधीचा झोपलेला माणूस गृहीत धरला आहे, आणि चौक लिहिणाऱ्या, धवलगाणी शेकडो ओळी तोंडपाठ ठेवणाऱ्या बाया झोपल्या होत्या हे मानावयास आम्ही तयार नाही.

ही तक्रार करताना आमची जीभ अडखळते, कारण हाच आरोप आमच्यावर अधिक जोराने करता येईल. मिशनने या भागात शाळा काढल्या, वसतिगृहे चालवली, दवाखाने उघडले. मालकाच्या वहीतले अक्षर वाचता येईल एवढे तरी मुलांना दिले. धवलेरीला मात्र आमच्या विवाहनोंदवहीत रकाना नव्हता. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले, त्याचा आम्ही उठल्याबसल्या अभिमान मिरवतो. पण ओवी ही उच्चवर्णीयांच्याही ओठांवरची, वारल्याच्या गाण्याकडे आम्ही त्या आदराने कधी कान दिला? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली ॲमेझॉनच्या आदिवासींविषयी जे पत्र लिहिले, त्यात अन्यायमुक्तीचे स्वप्न आणि संस्कृतीचे स्वप्न शेजारी शेजारी ठेवले आहे. गोदावरीबाईंच्या ग्रंथात पहिले स्वप्न धगधगते आहे. आमच्या मिशनच्या इतिहासात दोन्ही कोमट राहिली.

आता कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. कागदावर ती संपली खरी. पण १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगार सोडवण्याचे काम उभे करावे लागले ते आपल्याच वसई तालुक्यात. त्या काळी आपण नाताळच्या गायनस्पर्धा भरवत होतो. आपल्या वाड्यांत केळीला आळी करायला, भाजी काढायला जो आदिवासी गडी येई, त्याला पावसाळ्याआधी 'उचल' देण्याची पद्धत आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. त्या हिशेबाची वही कोणाकडे असे?

गेल्या उन्हाळ्यात एका वीटभट्टीवर आमचे जाणे झाले. डहाणूकडचे एक तरुण जोडपे तेथे दिवाळीपासून राबत होते. झोपडी विटांचीच, माणूस वाकून आत जाईल एवढी. तान्हे मूल पाटीत निजले होते. बायको अंधार पडल्यावर पाण्याला एकटी जात नाही, तिच्याबरोबर कोणीतरी जाते. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हांस विचारवले नाही. लग्नाचे विचारले तेव्हा मात्र दोघांचे चेहरे खुलले. धवलेरी आली होती, तिची सख्खी आत्याच. चौक लिहिला होता. गाणी तिलाही येतात, पण मूल जागे होईल म्हणून तिने म्हटली नाहीत. लग्नाचा पैसा भट्टीमालकाच्या बयाण्यातून आला. बयाणा किती, हे त्याने चटकन सांगितले. त्यातला किती फिटला, ते शेटच्या वहीत आहे, म्हणाला.