‘कट झाले’चा कर्ता कोण? : पगाराच्या पावतीचं एक वाचन

समीक्षेच्या व्यासपीठावर कविता-कादंबरी सोडून मी आज पगाराची पावती वाचायला घेतोय, म्हणून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. (हशा) पण ज्या मजकुरावर महिन्याचं घर चालतं, तो आपण नीट वाचत नाही, ही माझी तक्रार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीच्या गोदामात काम करतो. नोकरी एजन्सीमार्फत, पगार 15,000. पहिल्याच पावतीत तीन ओळी : गणवेश 650, नोंदणी 700, दंड 1,000. एकूण 2,350 रुपये गेले. दंड कशाचा, ते लिहिलेलंच नाही. ज्यानं भरती केलं त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, ‘अरे, ते सिस्टीममधून कट झालेत.’ गोदामाचा सुपरवायझर म्हणाला, ‘तू आमच्या रोलवर नाहीस, एजन्सीला विचार.’

आता ‘कट झाले’ हे वाक्य बघा. पाऊस पडला, दिवे गेले, तसे पैसे कट झाले! कापणारा कुणी नाहीच. या पावतीची सगळी शैली कर्ता लपवण्याची आहे, आणि माणूस घाबरलेला असला की ती शैली चालून जाते. पुढच्या महिन्यात कामावर बोलावतील की नाही, ही ती भीती.

ही शैली नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर कामावर घ्यायचा आणि त्याबद्दल दस्तुरी खायचा. बिघडलेलं कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. अशा कपातींना लगाम घालायला 1936 चा वेतन प्रदान कायदा आला. त्याचीच सूत्रं आता 2019 च्या वेतन संहितेत आहेत आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे.

मला या कायद्याचं गद्य आवडतं. रुक्ष आहे, पण ते पावतीच्या बरोबर उलट वागतं, कर्त्याला हुडकून काढतं. कोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो, त्याची यादीच दिली आहे. यादीबाहेरची कपात चालत नाही. दंड करायचा तर कोणत्या चुकीला दंड, हे आधी जाहीर केलेलं हवं. कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आणि दंड त्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. 15,000 वर होतात 450. मग 1,000 कुठून आले? शिवाय जमलेला दंड मालकाच्या खिशात जात नाही, तो कामगारांच्याच हितासाठी वापरायचा असतो.

आणखी एक वाक्य फार नेमकं आहे. कामगारानं मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला दिलेला पैसा हीसुद्धा कपातच धरली जाते. म्हणजे ‘जॉइनिंगचे’ म्हणून एजन्सीच्या माणसानं हातावर रोख घेतले, तरी हिशेब चुकत नाही. आणि ‘आमच्या रोलवर नाही’ याचं उत्तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानंच दिलं होतं : कंत्राटदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर मूळ मालकानं द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. नव्या संहितांनीही हे सोडलेलं नाही.

मग त्या मुलानं काय केलं? भांडला नाही. एजन्सीला ईमेल केला, गोदामाच्या कार्यालयाला प्रत पाठवली. तीनच प्रश्न विचारले : ही कपात कुणी केली? कोणत्या तरतुदीखाली? माझं म्हणणं कधी ऐकलं? सोबत पावती, हजेरीचे फोटो आणि बँकेची नोंद जोडली. पुढच्या पगारात दंडाचे 1,000 परत आले. गणवेश आणि नोंदणीचे नाही आले. त्यासाठी तो कामगार अधिकाऱ्याकडे जाणार आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत असते.

हे पूर्ण यश नाही, मला ठाऊक आहे. सगळ्यांना एवढं धाडस परवडतही नाही. म्हणून एकट्यानं लिहिण्यापेक्षा चौघांनी मिळून सही करावी, हे बरं. पण सुरुवात वाचण्यापासूनच होते. पुढच्या वेळी कुणी ‘कट झाले’ म्हणालं, की व्याकरणाच्या मास्तरासारखं शांतपणे विचारा : कर्ता कोण? आणि उत्तर लेखी मागा.