भाजण्यावरचं हर्बल क्रीम: पेपर वाचताना कुठे थांबायचं?

पीएचडीसाठी विषय शोधताना एका ठरावीक साच्याचा पेपर तुम्हाला हमखास भेटेल. कोरफड किंवा हळदीचा अर्क, त्याचं क्रीम, पीएच आणि चिकटपणाचे तक्ते, उंदरांवर चाचणी, आणि शेवटी ‘सिल्व्हर सल्फाडायझिनइतकंच प्रभावी’ हा निष्कर्ष. तक्ते नीटनेटके असतात. पण निष्कर्ष खरंच त्यातून निघतो का? चार ठिकाणी थांबून बघा.

१. तुलना कोणाशी? सिल्व्हर सल्फाडायझिन हे मुळात जंतुसंसर्ग रोखणारं औषध. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात जखम भरण्याच्या बाबतीत ते अनेक आधुनिक ड्रेसिंगच्या मागे पडलं. म्हणजे ‘तितकंच’ ही फार मोठी शाबासकी नव्हे. शिवाय प्रत्येक गटात सहाच उंदीर असताना फरक दिसला नाही, तर दोन्ही औषधं सारखी आहेत हे सिद्ध होत नाही. फरक पकडण्याइतके प्राणीच नव्हते, असंही असू शकतं.

२. नुसत्या बेसचा गट आहे का? जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर राखलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. क्रीमचा बेसही ओलावा धरून ठेवतो. अर्क नसलेलं क्रीम लावलेला गट नसेल, तर श्रेय अर्काला कसं द्यायचं?

३. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराची त्वचा सैल असते, त्यामुळे जखम बरीचशी आकसून बंद होते. माणसात नवी त्वचा चढण्याचा वाटा मोठा. म्हणून ‘जखमेचं क्षेत्रफळ घटलं’ एवढंच पुरत नाही. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हवी, भाजण्याची खोलीही नोंदवलेली हवी.

४. अर्कात नक्की काय आहे? कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कोणता घटक किती, हे मोजलंच नसेल तर पुढच्या बॅचला तोच परिणाम मिळेल याची खात्री कोण देणार?

मग चांगलं काम होतच नाही का? होतं. सोलापूरचे सर्जन एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना थेट १०४ रुग्णांवर केली. त्यालाही मर्यादा आहे: मध दिसतो, चिकटतो, त्यामुळे कोणाला काय लावलंय हे लपवणं अवघड. तरी प्रश्न थेट रुग्णाचा होता, आणि पुढे इतरांना तो पुन्हा तपासता आला. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मध्यम खोलीच्या भाजण्यावर मधाला नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस कमी लागल्याचं नोंदवलंय.

भाजलेल्या माणसाची त्वचा, म्हणजे जंतूंना अडवणारी भिंतच, गेलेली असते. त्यावर निर्जंतुक नसलेलं क्रीम लावणं धोक्याचं. तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना नवी वनस्पती शोधण्याआधी बेसचा गट, मोजलेला घटक आणि निर्जंतुकता, या तीन ओळी आधी लिहा. वनस्पतीचं नाव मग भरा.