किरणोपचारातील आराखड्याची गुणवत्ता आणि अंमलबजावणीची अचूकता : एक चिकित्सा

प्रस्तावना

कर्करोगावरील किरणोपचारास एकाच वेळी दोन कसोट्या लागू होतात. संगणकावर आखलेला आराखडा किती उत्कृष्ट आहे, ही पहिली. तो रुग्णाच्या शरीरात कितपत अचूक उतरतो, ही दुसरी. पहिलीची चर्चा विपुल होते, दुसरी मात्र यंत्रतपासणीचा भाग मानून बाजूला ठेवली जाते. या विभागणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

आय.एम.आर.टी. या पद्धतीत मल्टिलीफ कोलिमेटरची धातूची पाती सरकवून किरणझोताची तीव्रता ठिकठिकाणी बदलली जाते. त्यामुळे गाठीस पूर्ण मात्रा देऊनही आतडे, लाळग्रंथी इत्यादी अवयवांचे रक्षण साधते. तथापि आराखडा जसजसा गुंतागुंतीचा होतो, तसतसे पात्यांमधील झरोके अरुंद होतात व मॉनिटर युनिट्स वाढतात. सरकत्या पात्यांच्या पद्धतीत १० मिलिमीटरच्या झरोक्यात १ मिलिमीटरची चूक झाली, तरी मात्रेत सुमारे १० टक्के फरक पडू शकतो. रुंद झरोक्यात तीच चूक नगण्य ठरते. म्हणजेच संगणकावर मिळवलेला लाभ यंत्रावर गमावला जाण्याचा संभव असतो.

ही तफावत शोधण्यासाठी फँटमवर मात्रा मोजून गॅमा निर्देशांक काढतात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३ टक्के व २ मिलिमीटर या निकषावर ९५ टक्के बिंदू उत्तीर्ण होण्याची मर्यादा सुचवली. परंतु अशा उत्तीर्णतेवरून रुग्णाच्या अवयवांतील मात्रेच्या चुकीचा अंदाज बांधता येत नाही, हे २०११ मध्येच एका अभ्यासाने दाखवून दिले होते. फँटम हलत नाही, त्याचे मूत्राशय भरत नाही, रुग्णाचे भरते.

या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची ‘पार्सर’ ही चाचणी महत्त्वाची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांचा तीत समावेश होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत आतड्यांचे मध्यम वा तीव्र विलंबित दुष्परिणाम रूढ त्रिमितीय पद्धतीत ४२.४ टक्के, तर प्रतिमा-मार्गदर्शित आय.एम.आर.टी.मध्ये २१.१ टक्के आढळले. रोगनियंत्रणात मात्र फरक दिसला नाही. तथापि या यशाचे श्रेय केवळ आराखड्यास देणे तर्काला धरून होणार नाही. तीव्रता-नियंत्रण व प्रतिमा-मार्गदर्शन ही दोन्ही एकत्र वापरल्याने प्रत्येकाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. चाचणीने सिद्ध केले ते दोहोंच्या संयोगाचे मूल्य.

व्यवहारात याचा अर्थ गंभीर आहे. दौंड तालुक्यातील भांडगावहून पाच आठवड्यांत २५ वेळा पुण्यास ये-जा करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने आराखडा एकदाच आखला जातो. अचूकता मात्र पंचवीस वेळा साधावी लागते. प्रवासात पाणी किती प्यायले, यंत्राखाली किती वेळ निजावे लागले, यांवर मूत्राशयाचा आकार व पर्यायाने योनिशिखराचे स्थान बदलते. किचकट आराखड्याने उपचाराचा अवधी लांबला, तर या अनिश्चिततेत भरच पडते.

निष्कर्ष

यावरून साधी पद्धतच श्रेष्ठ, असे अनुमान निघत नाही. अवयवरक्षणाचा लाभ स्पष्ट असेल तेथे गुंतागुंत स्वीकारणे योग्यच आहे. मात्र दोन आराखड्यांतील मात्रेचा फरक अंमलबजावणीतील अनिश्चिततेहूनही लहान असेल, तर त्यांपैकी सुटसुटीत आराखडा निवडणे अधिक शास्त्रीय ठरते. गुणवत्तेच्या मूल्यमापनातच गुंतागुंतीची किंमत धरली जावी. कारण रुग्णावर परिणाम होतो तो आखलेल्या नव्हे, तर प्रत्यक्ष पोहोचलेल्या मात्रेचा.