‘कमीच खातो, तरी वजन उतरत नाही’: १९९२ च्या एका पेपरची उलटतपासणी

पेपर कसा वाचायचा यावर बोलून झालं, आता एक अख्खा पेपर घेऊन बसू. मुद्दाम जुना निवडलाय. ३१ डिसेंबर १९९२ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. पहिले लेखक लिक्टमन, शेवटचे हेम्सफील्ड, काम न्यूयॉर्कचं. विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. काही जण सांगतात की आम्ही मोजूनमापून खातो, रोज व्यायाम करतो, तरी काटा हलत नाही. हे शब्दशः खरं असेल तर बायोकेमिस्ट्रीवाल्यांची झोप उडायला हवी, कारण शरीर ऊर्जा हवेतून आणत नाही. आणि खरं नसेल तर चुकतंय नेमकं कुठे?

या पेपरमधला एक आकडा तुमच्या कानावर आला असेल: ४७ टक्के. रील्सपासून व्याख्यानांपर्यंत तो फिरत असतो आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत एक वाक्यही फिरतं, की ‘वजन कमी न होणारी माणसं खाण्याबद्दल खोटं बोलतात’. माझं मत आधीच सांगून टाकते. मोजमाप म्हणून हा पेपर आजही शिकण्यासारखा आहे. ते वाक्य मात्र त्यात नाही.

आधी त्यांनी केलं काय ते बघू. दिवसाला १२०० किलोकॅलरीपेक्षा कमी खातो असं सांगूनही वारंवार वजन कमी करता न आलेली दहा लठ्ठ माणसं त्यांनी घेतली, नऊ स्त्रिया आणि एक पुरुष. तुलनेसाठी ८० लठ्ठ माणसं अशी, ज्यांची ही तक्रार नव्हती. त्या ८० पैकी वेगवेगळे छोटे गट वेगवेगळ्या चाचण्यांसाठी वापरले. म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट वाचून ‘९० जणांचा अभ्यास’ असं टिपून ठेवलंत तर फसाल. मुख्य मोजमाप दहा जणांचं आहे, तेही १४ दिवसांचं.

आता खरी गंमत. माणूस किती खातो हे त्याला न विचारता कसं कळणार? त्यांनी आधी खर्च मोजला. त्यासाठीची पद्धत म्हणजे डबली लेबल्ड वॉटर. नेहमीच्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम आणि नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-१८ असलेलं थोडं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घेत राहायचं. ड्युटेरियम शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. ऑक्सिजन-१८ पाण्यातूनही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या कमी होण्याच्या वेगातला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जाळलेली ऊर्जा काढता येते. लिफ्सन यांनी ही कल्पना १९५५ मध्ये प्राण्यांवर वापरली होती, माणसांवर ती १९८२ मध्ये आली. यात माणूस मास्क लावून बसत नाही, आपल्या घरी आपल्या पद्धतीनं जगतो. मला स्वतःला ही जीवशास्त्रातली सगळ्यात देखणी मोजमापाची पद्धत वाटते.

खर्च कळला. मग १४ दिवसांच्या आधी आणि नंतर शरीरातली चरबी आणि बाकीचा भाग मोजून साठा किती बदलला तेही काढलं. पासबुकाचा हिशोब आहे हा. खर्च माहीत, शिल्लक किती बदलली ते माहीत, तर जमा किती झाली ते निघतंच.

निष्कर्ष असे. या दहा जणांचा एकूण ऊर्जाखर्च आणि विश्रांतीतला चयापचय त्यांच्या शरीररचनेवरून अपेक्षित आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत होता. म्हणजे ‘माझं मेटाबॉलिझमच मंद आहे’ हे स्पष्टीकरण या दहा जणांपुरतं बाद झालं. खाण्याची नोंद सरासरी १०२८ किलोकॅलरी होती, हिशोबानं निघाले २०८१. हालचालीत खर्च झालेली ऊर्जा त्यांनी १०२२ सांगितली, निघाली ७७१. टक्क्यांत सांगायचं तर खाणं ४७ टक्के कमी नोंदवलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

लेखकांनी क्रम कसा लावलाय ते बघा. थेट डायरीवर संशय घेतला नाही. आधी खर्च कमी आहे का, खाल्ल्यानंतर आणि व्यायामानंतर लागणारी ऊर्जा कमी आहे का, हे सगळं तपासून दारं बंद केली, मग उरलेल्या दाराशी गेले. तुमच्या प्रस्तावात पर्यायी स्पष्टीकरणं कशी हाताळणार असं गाईड विचारतात ना, त्याचं उत्तर असं दिसतं.

कौतुक इथपर्यंत. आता ४७ आणि ५१ हे दोन आकडे शेजारी ठेवा. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ते ४७±१६ आणि ५१±७५ असे आहेत आणि ± च्या पुढे प्रमाणित विचलन आहे. सरासरी ५१ आणि विचलन ७५! दहा माणसं असतील तर प्रमाणित त्रुटी म्हणजे ७५ भागिले दहाचं वर्गमूळ, साधारण २४. तिला २.२६ नं गुणा, ५४ येतात. म्हणजे ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे उणे ३ ते १०५. शून्य त्यात बसतोय. हाच हिशोब ४७ ला केला तर सुमारे ३६ ते ५८ येतात, भक्कम. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, टक्केवारीचं वितरण असं सरळ नसतं, पण चित्र स्पष्ट आहे. खाण्याबद्दलचा निष्कर्ष दणकट आणि व्यायामाबद्दलचा डळमळीत आहे. सांगणारे मात्र दोन्ही एकाच दमात सांगतात.

आणखी एक करून बघा. ७७१ च्या जागी १०२२ म्हणजे वाढ किती? ३३ टक्के. मग ५१ कुठून आले? प्रत्येकाची टक्केवारी आधी काढून तिची सरासरी घेतली आणि आधी सरासरी घेऊन टक्केवारी काढली, तर उत्तरं वेगळी येतात. एक-दोघांनी हालचाल दुप्पट-तिप्पट सांगितली की पहिली सरासरी वर उडते. चूक कुणाचीच नाही, पण कुठला आकडा हेडलाइनला जातो ते लक्षात ठेवा.

पासबुकाच्या हिशोबालाही एक भोक आहे. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९.४ किलोकॅलरी असतात. चरबी मोजताना अर्धा किलो इकडेतिकडे झालं तर ४७०० किलोकॅलरींचा घोळ, चौदा दिवसांत वाटला तर रोजचे साधारण ३३५. हजाराच्या वरची सरासरी तफावत त्यानं पुसली जात नाही, म्हणून गटाचा निष्कर्ष टिकतो. पण एखाद्या व्यक्तीला बोट दाखवून ‘तू रोज इतकं जास्त खातेस’ म्हणायला हे पुरेसं नाही.

आणि नेमकं तेच केलं जातं. माझ्या मावशीनं तीन महिने वही लिहिली होती, पोळ्यांच्या संख्येसकट. एका दवाखान्यातल्या आहारसल्लागारांनी ती उघडलीही नाही. ‘ताई, हे असंच असतं तर तुम्ही इथे आला नसतात,’ एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मावशीनं वही बंद केली आणि दवाखानाही. दहा न्यूयॉर्ककरांवरचा निष्कर्ष त्या टेबलापर्यंत पोचला होता, फक्त वाटेत ‘नोंद कमी’चं ‘खोटं’ झालं होतं.

पेपरमध्ये हेतू मोजलेला नाही. मानसिक आजाराची काही वेगळी लक्षणं त्या दहा जणांत सापडली नाहीत, हे ॲब्स्ट्रॅक्टमध्येच लिहिलंय. नोंद कमी होणं ही त्या दहा जणांची खासियतही नाही. २००२ मध्ये अमेरिकेत दहा आहारतज्ज्ञ स्त्रिया आणि आहारतज्ज्ञ नसलेल्या दहा स्त्रिया यांच्या डायऱ्या याच खुणा केलेल्या पाण्यानं तपासल्या. बाकीच्या स्त्रियांची नोंद रोज सरासरी ४२९ किलोकॅलरींनी कमी होती. आहारतज्ज्ञांची २२३ नं. ज्यांचा धंदाच वाट्या मोजायचा, त्यांचंही चुकतं. त्यांना कुणी खोटारडं म्हणत नाही.

आपल्याकडे तर विचारूच नका. आमटीच्या फोडणीचं तेल बाटलीतून थेट कढईत जातं, ‘दोन चमचे’ हे उत्तर तुम्ही विचारल्यावर तयार होतं. भाजीची चव बघणं, पोरानं टाकलेली अर्धी पोळी संपवणं, चार वाजताच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं, कुणाकडचा प्रसाद, यातलं काहीच ‘जेवण’ या शब्दात बसत नाही. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन ‘आज माझा उपास आहे, काही खाल्लं नाही’ असं निर्मळ मनानं सांगणारी माणसं तुमच्या घरात नाहीत का? चोवीस तासांचा आहार विचारणाऱ्या प्रश्नावलीत हा उपास कुठल्या रकान्यात टाकायचा, ते आधी ठरवा.

एक बारीक मुद्दा, मुलाखतीत विचारला जाऊ शकतो असा. डायरी लिहायला लावली की माणसं खरंच कमी खातात. नेदरलँड्समधल्या एका गटानं २००० मध्ये तीस लठ्ठ पुरुषांवर हे दाखवलं. तफावतीचा मोठा वाटा त्या आठवड्यात प्रत्यक्ष कमी खाण्याचा होता, न लिहिण्याचा वाटा छोटा. डायरीतलं खाणं आणि शरीराचा खर्च एवढीच तुलना करणाऱ्या अभ्यासांत ही दोन्ही एकमेकांत मिसळतात. लिक्टमन यांनी साठ्यातला बदलही धरला होता, त्यामुळे त्यांचा आकडा या घोळातून बराच वाचतो. टीका करायची तर तीही नीट जागा बघून करावी.

मला या पेपरची सगळ्यात मोठी मर्यादा वेगळीच वाटते, आणि ती चूक नाही, प्रश्नाची हद्द आहे. त्यांनी विचारलं की वजन कमी न झालेल्यांचा खर्च आत्ता कमी आहे का. वजन कमी केल्यानंतर काय होतं, हे विचारलंच नाही. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकन टीव्ही शोमधल्या चौदा स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, पेपर २०१६ चा. कमी केलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ परत आले होते, आणि विश्रांतीतला चयापचय अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिला होता. शो टोकाचा होता, नमुना इवलासा होता, हे सगळं मान्य. पण ‘मंद मेटाबॉलिझम ही थाप’ असं १९९२ चा पेपर दाखवून म्हणणारे दोन वेगळे प्रश्न एक करतात.

त्याच वर्षी आलेला हॉल यांच्याच गटाचा दुसरा पेपर मला जास्त आवडतो. कॅनाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. ती ऊर्जा जाते, पण माणसाला ते जाणवत नाही. असं औषध वर्षभर घेतलेल्या १५३ रुग्णांच्या वजनावरून त्यांनी उलटा हिशोब मांडला. वजन दर किलोनं उतरलं की भूक रोज सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते, असं निघालं. खर्चातली घट याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पाच किलो उतरवलेल्या बाईला पूर्वीच्या भुकेपेक्षा ५०० किलोकॅलरींची जास्तीची ओढ रोज, सुट्टी नाही. ती ‘मी पूर्वीपेक्षा कितीतरी आवरून खातेय’ म्हणते तेव्हा आवरण्याचे कष्ट खरे असू शकतात आणि ताटातलं मोजमाप तरीही चुकलेलं असू शकतं. दोन्ही एकाच वेळी.

खुणा केलेलं पाणी महाग आहे, विशेषतः ऑक्सिजन-१८, म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांच्या प्रस्तावात ‘चोवीस तासांची आहार-आठवण’ हेच लिहिलेलं असेल. हरकत नाही. मग निदान एवढं करा: सहभागी लोकांचं वजन सुरुवातीला आणि शेवटी घ्या, तेल महिन्याला घरात किती येतं आणि किती माणसांत संपतं ते वेगळं विचारा, उपासाचे दिवस वेगळे टिपा, आणि मर्यादांच्या परिच्छेदात नोंद कमी असण्याची शक्यता लिहिताना ती कुठल्या दिशेनं आणि साधारण किती, हेही लिहा. ४७ हा आकडा तिथे वापरायचा असेल तर त्याच वाक्यात ‘दहा जण’ आणि ‘१४ दिवस’ येऊ द्या.