सव्वासात डॉलरांचे वजन

सव्वासात डॉलर. तासाभराच्या श्रमाचे मोल याहून खाली जाऊ नये, असे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरवले; जुलै २००९ मध्ये हा दर लागू झाला आणि तेव्हापासून तो आकडा जागचा हललेला नाही. अनेक राज्यांनी आपापले चढे दर लावून घेतले; मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशायर यांसारख्या काही राज्यांत मात्र अजून हाच दर चालतो. या दोघांतले एक राज्य दक्षिणेचे, कापसाचे, दरडोई उत्पन्नात देशाच्या तळाशी बसलेले. दुसरे ईशान्येचे, डोंगरझाडीचे, बॉस्टनच्या सुबत्तेला खेटून असलेले आणि उत्पन्नात पुष्कळ वरचे. कायदा तोच, रक्कम तीच, तासही साठच मिनिटांचा. तरीही व्हँकूव्हरच्या फ्रेझर इन्स्टिट्यूटने उत्तर अमेरिकेतल्या राज्याराज्यांचे आर्थिक स्वातंत्र्य मोजण्यासाठी जो निर्देशांक रचला आहे, त्यात या एकाच सव्वासात डॉलरांना दोन राज्यांत दोन निराळे गुण पडतात. आपण या जागी जरा रेंगाळू. आकड्यांच्या रुक्ष कोष्टकात शिरायला याहून देखणा दरवाजा मला तरी सापडलेला नाही.

निर्देशांक किमान वेतनाचा दर जसाच्या तसा उचलत नाही. त्या दराने वर्षभर राबणाऱ्याची कमाई तो काढतो (आठवड्याचे ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले तर ती १५,०८० डॉलर भरते) आणि मग तिला त्या राज्यातल्या दरडोई उत्पन्नाच्या मापाने भागतो. अंश दोन्हीकडे सारखा. खेळ सगळा छेदाचा. मिसिसिपीत छेद लहान, म्हणून भागाकार मोठा, म्हणून कायद्याचा भार जास्त आणि गुण कमी. न्यू हॅम्पशायरमध्ये मजुरीचा बाजारभावच इतका वर असतो की, कायद्याने घातलेली ती पायरी जमिनीलगत पडून राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला ती लागतही नाही. घाट चढणाऱ्या बैलाला आणि माळावरून रमतगमत जाणाऱ्या बैलाला एकाच गाडीचे ओझे निराळे लागावे, तसे हे आहे. कायद्याच्या पुस्तकात ओझ्याचा आकडा असतो, चढ नसतो. तो चढ या भागाकाराने छेदाच्या जागी आणून ठेवला, आणि तेवढ्याने एक मुका आकडा बोलू लागला. शाळेत अपूर्णांकांचा धसका घेतलेल्या माझ्यासारख्याला त्या आडव्या रेषेत एवढे सौंदर्य असू शकते, हे कळायला अंमळ उशीरच झाला.

पुढची पायरी तर त्याहून गोड. असे भागाकार सगळ्या राज्यांचे काढून झाले की ते शून्य ते दहाच्या पट्टीवर बसवायचे असतात. त्याची मूळ रीत अशी : सर्वांत मोठ्या आकड्यातून आपल्या राज्याचा आकडा वजा करायचा, जे उरेल त्याला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतल्या अंतराने भागायचे आणि दहाने गुणायचे. वजाबाकी कोणातून कोण करतो आहे, ते नीट पाहावे. आपला आकडा जितका थोरला, तितके हाती उरणारे कमी. म्हणजे पट्टीच उलटी धरलेली आहे. शिवाय तिची दोन्ही टोके आकाशातून आलेली नाहीत, ती याच राज्यांतून घेतली आहेत. दहाचा मानकरी हा वर्गातला पहिला नंबर; आदर्श उत्तरपत्रिका त्याने लिहिली, असा त्याचा अर्थ नव्हे. शेजाऱ्यापेक्षा आपण किती मोकळे, एवढेच हे कोष्टक सांगते. ‘संपूर्ण स्वातंत्र्य म्हणजे काय’ या प्रश्नाला शिताफीने बगल देऊन मोजमाप पुरे करण्याची ही हातोटी पाहिली की कसबी शिंप्याची आठवण येते. नेमका देह कसा असावा यावर तो वाद घालत बसत नाही, टेप लावतो.

या साऱ्या उद्योगाचे मूळ १९८४ साली केंब्रिजमध्ये भरलेल्या, मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या माँट पेलरिन सोसायटीच्या बैठकीत आहे. तिथून अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि फ्रेझरचे मायकेल वॉकर यांनी विषय हाती घेतला, वर्षानुवर्षे परिषदा भरवल्या, १९९६ मध्ये देशादेशांचा जागतिक अहवाल निघाला आणि २००२ मध्ये त्याचे राज्यांपुरते धाकटे भावंड जन्मले. सरकारी खर्च, कर आणि श्रमबाजार ही त्याची तीन दालने. ही मंडळी मुक्त बाजाराची पाठीराखी, आणि ते त्यांनी कधी लपवलेले नाही. म्हणूनच तिसऱ्या दालनात एक रकाना असा आहे की तिथे मराठी वाचकाचा घास अडकावा : कामगार संघटनांच्या सभासदांचे प्रमाण. ते जितके जास्त, तितके ‘स्वातंत्र्य’ कमी! सक्तीने वर्गणी भरावी लागणाऱ्या कामगाराच्या बाजूने पाहिले तर यामागचा विचार कळतो. पण १८ जानेवारी १९८२ ला ज्यांच्या घरची चूल गिरण्यांच्या संपात उतरली, त्या लालबाग-परळच्या चाळींत हा रकाना वाचून दाखवायला मी धजावणार नाही. राग दरबारी असला तरी एखादा स्वर आपल्या कानाला बोचतो. मैफल सोडून उठायचे मात्र कारण नाही.

कारण पुढेच एक फार सुरेख जागा आहे. एकाच राज्याला हा निर्देशांक दोन आरशांत उभे करतो. एका आरशात फक्त राज्य सरकार आणि त्याखालच्या स्थानिक संस्था दिसतात. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला केंद्र सरकारही. हे दोन आरसे कशाला? तर कॅनडात रुग्णालयांचा भार प्रांतांच्या डोक्यावर आहे आणि अमेरिकेत कामांची वाटणी निराळी. पहिल्याच आरशात अल्बर्टा आणि टेक्सास शेजारी उभे केले, तर अल्बर्टा उगाच स्थूल दिसेल. तिथल्या माणसावर सरकारचे ओझे जास्त आहे म्हणून नव्हे, तर ते कोणत्या मजल्यावर ठेवले आहे त्यामुळे. म्हणून पहिल्या आरशात प्रत्येक देशाची राज्ये आपापसातच तोलली जातात, आणि अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांची सरमिसळ होते ती दुसऱ्यात. एकत्र कुटुंबात पगार कोणाचा आणि किराण्याचे बिल कोण भरतो, हे माहीत असल्याशिवाय कोणत्या भावाला उधळ्या म्हणायचे नसते. हे शहाणपण घराघरांत आहे. ते कोष्टकात उतरलेले पाहणे हा वेगळा आनंद.

आणि आता पुन्हा न्यू हॅम्पशायर, कारण या राज्याने मला फार हसवले आहे. पहिल्या आरशात ते गेली काही वर्षे अव्वल क्रमांकाच्या आसपासच असते आणि न्यू यॉर्क तळाकडे. विक्रीकर नाही, पगारावर राज्याचा आयकर नाही. भरपाई म्हणून घरपट्टी तेवढी जबर. मोटारींच्या पाट्यांवर राज्याचे ब्रीद : ‘स्वतंत्र जगा, नाही तर मरा.’ जनरल जॉन स्टार्क या म्हाताऱ्या सेनानीने १८०९ साली पाठवलेला हा संदेश, आणि या पाट्या तयार होतात त्या राज्याच्या तुरुंगात, कैद्यांच्या हातून. त्याच राज्यात महामार्गाच्या कडेला प्रशस्त, झगझगीत दुकाने लागतात. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधली कुटुंबे तिथे गाड्या भरभरून व्हिस्की-रम नेतात, आणि ही दुकाने असतात सरकारची. कडक दारू विकण्याचा मक्ता राज्याने स्वतःकडे ठेवला आहे, नफा खजिन्यात. खंडातल्या मोकळ्यात मोकळ्या म्हणवल्या जाणाऱ्या राज्यात बाटली घ्यायची तर सरकारच्याच गल्ल्यावर! निर्देशांकात या मक्तेदारीसाठी वेगळा रकाना नाही. गल्ल्यावरचा विक्रेता तेवढा सरकारी नोकरांच्या टक्केवारीत एक म्हणून मोजला जातो आणि कर नसल्याचे गुण मात्र घसघशीत पडतात. मला यात निर्देशांकाची फजिती दिसत नाही. चांगल्या व्यक्तिचित्रात न रंगवलेल्या पार्श्वभूमीतून कधी कधी माणूस डोकावतो, तसे न्यू हॅम्पशायर इथे डोकावून जाते.

आपल्याकडच्या राज्यांचे असे मोजमाप करणाऱ्यांनी निराळेच साधन वापरले, आणि ते तर अक्षरशः रसग्रहणाचेच आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घेतला, राज्याराज्यांनी त्याला जोडलेल्या दुरुस्त्या एकेक करून वाचल्या आणि प्रत्येकीच्या समासात एक खूण केली : कामगाराच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकाच्या बाजूची असेल तर उणे एक, कोणाच्याच नसेल तर शून्य. सोळा राज्ये, १९५८ ते १९९२. मग या खुणांच्या बेरजा कारखान्यांच्या उत्पादनाशेजारी ठेवल्या आणि २००४ च्या निबंधात निष्कर्ष काढला की, कायदा जिथे कामगारांकडे झुकला, तिथे नोंदणीकृत कारखानदारीत उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे राहिले. ‘उपरोक्त कलमातील’ने सुरू होऊन तीन ओळींनंतरही क्रियापदाची भेट होऊ न देणारी ती राजपत्री वाक्ये, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा भावार्थ एका चिन्हात! इतके आटवलेले आस्वादन मी दुसरे पाहिलेले नाही.

आटवताना काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. या वाचनात पश्चिम बंगाल कामगारांच्या बाजूला आहे, ते अपेक्षितच. महाराष्ट्रही त्याच बाकावर. पण त्याच बाकावर गुजरातही बसलेला दिसतो, आणि समोरच्या, मालकधार्जिण्या बाकावर चक्क केरळ. आपण डोळे चोळून पुन्हा पाहतो. गुजरातचे कोडे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आदित्य भट्टाचार्य यांनी २००६ मध्ये उलगडून दाखवले. गुजरातच्या नावावर दुरुस्ती एकच : कारखान्यातल्या संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला ५० रुपये दंड. बस. त्या पन्नास रुपयांच्या जोरावर एक आख्खे राज्य कामगारांच्या पंक्तीला जाऊन बसले. वर आपण सव्वासात डॉलरांना छेद लाभलेला पाहिला. या पन्नास रुपयांना छेदच नाही. त्यांना कारखान्याच्या उलाढालीने भागले असते तर काय उरले असते, हे हिशेब न करताही कळते. पण अधिक एकला खाली रेषा नसते, तो एकच असतो. भट्टाचार्यांची ही टीका मी टीका म्हणून वाचतच नाही. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाच्या खांद्यावरून वाकून, ‘अहो, ही ओळ पुन्हा वाचा’ म्हणावे, तशी ती मला वाटते.

पुढे बिबेक देबरॉय, लवीश भंडारी आणि स्वामीनाथन अय्यर यांनी फ्रेझरच्या वळणावर भारतातल्या राज्यांच्या आर्थिक स्वातंत्र्याचे अहवाल काढले. त्यांच्या २०१३ च्या अहवालात हाच गुजरात पहिला आहे. राज्य एक, चष्मे दोन. पण त्या अहवालात मला सर्वांत प्रिय आहे तो क्रमांक नव्हे, तर कायदा आणि मालमत्तेची सुरक्षितता या दालनातला एक साधा भागाकार : चोरीला गेलेल्या मालाच्या किमतीपैकी किती किमतीचा माल परत मिळाला. मालकी हक्कावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले. यांनी पोलिसांची आकडेवारी उघडली. अंशाच्या जागी हस्तगत मुद्देमाल, छेदाच्या जागी चोरीस गेलेला. आपल्या कोपऱ्यातली पानवाली बाईसुद्धा ज्याला मान डोलावेल, अशी ही स्वातंत्र्याची व्याख्या.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंची सोनसाखळी सकाळच्या फिरण्यात हिसकावली गेली. दीड वर्षाने फोन आला, साखळी सापडली म्हणून. काकू शंभराच्या मुद्रांकावर सही करून ती घेऊन आल्या, इमारतभर पेढे वाटले, आणि संध्याकाळी मला तो कागद वाचायला दिला. सुपुर्दनामा. खटला संपेपर्यंत दागिना मोडायचा नाही, आटवायचा नाही, विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही, कोर्टाने मागितला की हजर करायचा. एक कडी तुटलेली होती. ती सांधायला सोनाराकडे न्यावी की नाही, हे त्यांना कळेना. अहवालाच्या अंशात त्यांची साखळी केव्हाच जमा झाली असेल. काकूंनी ती एका डबीत ठेवली आहे, कागदाची घडी वर.