स्थानपोथी : जुनी आणि नवी

आवडत्या कलावंताची कृति हाताशीं असतां रसिक त्याच्या घराचा उंबरठा शोधीत कां हिंडतो, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं. काव्य पुस्तकांत असतें, गाणें कानांत असतें. तें जेथें जन्मलें त्या खोलीच्या भिंतींत त्यांतलें एक अक्षरहि उरलेलें नसतें. तरी माणसें जातात आणि जात राहतात. इंग्लंडांतील स्ट्रॅटफर्ड गांवीं शेक्सपिअरचें जन्मघर १८४७ सालीं लोकांनीं वर्गणी जमवून विकत घेतलें. त्याच गांवीं, त्याच्या अखेरच्या निवासाच्या आवारांत, त्यानें स्वहस्तें लावलें म्हणून सांगितलें जाणारें एक तुतीचें झाड होतें. तें १७५६ सालीं तेथल्या मालकानें, पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या उपद्रवाला कंटाळून, तोडून टाकलें. रसिकांच्या प्रेमाचे हे दोन्ही परिणाम एकाच गांवानें पाहिले आहेत, आणि प्रस्तुत विषयाचा विचार करतांना ते दोन्ही ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण आमच्या अगदीं घरांतलें आहे. कल्याणास १८५४ सालीं आगगाडी आली, १८६४ सालीं सार्वजनिक वाचनालय निघालें, १९२६ सालीं गायन समाज स्थापन झाला. तेव्हां बाहेरचें जग दारीं येण्याची या गांवाला नवलाई नाहीं. तथापि सध्यां कल्याण-डोंबिवलीच्या अनेक सुशिक्षित घरांतून मुली कोरियन लिपि गिरवीत आहेत, आणि पहिल्या पगारांतून काशी-रामेश्वर नव्हे तर कोरियाची राजधानी सोल पाहण्याचे बेत करीत आहेत, यानें वडील मंडळी गोंधळून गेली आहेत. तेथें जाऊन राजवाडे पाहावयाचे असते तर कोणीं कांहीं म्हटलें नसतें. पण पाहावयाची असते ती एक खाणावळ, एक कचेरी आणि समुद्रकांठचा एक बसथांबा! घरोघर या गोष्टीचें हंसें होतें. तें हंसें कितपत योग्य आहे, एवढेंच येथें तपासावयाचें आहे.

ज्या गायकवृंदापायीं हें सारें चाललें आहे त्याचें नांव बीटीएस. मूळ कोरियन नांवाचा अर्थ, बंदुकीच्या गोळीस दाद न देणारें बालवीरपथक, असा आहे. सात तरुणांचा हा वृंद १३ जून २०१३ रोजीं प्रथम लोकांपुढें आला, तेव्हां त्याला पुढें आणणारी कंपनी लहान होती. २०१८ सालीं या मुलांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या वास्तूंत भाषणासाठीं पाचारण झालें; २०२० सालीं त्यांचें एक इंग्रजी गीत अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें. त्यांचे चाहते स्वतःला ‘आर्मी’, म्हणजे सेना, म्हणवितात. हें यश पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु चाहत्यांची स्थानयात्रा या यशाच्या वाटेनें जात नाहीं, ही त्यांतली पहिली लक्षणीय गोष्ट होय.

सोलमधील अशा दिवसाचा क्रम आतां बहुतेक ठरून गेला आहे. सकाळ गांगनाम भागांत जाते. तेथील एका गल्लींत ‘युजंग सिकदांग’ नांवाची साधी खाणावळ आहे. हीं मुलें अद्यापि उमेदवार होतीं, दिवसभर नाच-गाण्याचा सराव करीत, तेव्हां त्यांचें जेवण या खाणावळींत होई. आज तिच्या भिंती छायाचित्रांनीं आणि देशोदेशींच्या चाहत्यांनीं लावलेल्या चिठ्ठ्यांनीं भरून गेल्या आहेत. येणारी मुलगी तेथें बसून त्यांनीं खाल्ला तोच भाताचा प्रकार मागविते. जवळच कंपनीची जुनी कचेरी आहे. ती पाहिली कीं मंडळी नदीपलीकडे योंगसान भागांत जातात. तेथें ‘हाइब’ हें नवें नांव धारण केलेल्या त्याच कंपनीची उत्तुंग इमारत आहे. तिच्या तळघरांत कंपनीनें २०२१ सालीं एक संग्रहालय उघडलें होतें. तें २०२३ सालीं बंद झालें. खाणावळ मात्र चालू राहिली.

आम्हांस या दोहोंतील फरक बोलका वाटतो. संग्रहालयांत यश मांडलेलें असतें, आणि यशांत पाहणाऱ्याला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. खाणावळींत अनिश्चितता असते. पुढें आपलें कोणी नांव घेईल कीं नाहीं हें ठाऊक नसतां, थकलेल्या सात मुलांनीं येथें घास घेतला, ही कल्पना तेथें बसणाऱ्याला स्वतःच्या मनानें पुरी करावी लागते. ज्यांनीं गिरगांव-दादरच्या खाणावळींत महिन्याचे पैसे भरून आपली विद्यार्थिदशा काढली, त्या आमच्या पिढीच्या वाचकांना हें निराळें समजावून सांगावयास नको. कलावंताचें राहतें घर त्याची संपत्ति दाखवितें, कष्टाची जागा त्याच्या कलेची घडण दाखविते. रसिक दुसरीकडे ओढला जात असेल तर त्याची अभिरुचि शुद्ध आहे असेंच म्हटलें पाहिजे.

सायंकाळीं ग्यंगबोकगुंग या राजवाड्यांत जाण्याची चाल आहे. हा राजवाडा १३९५ सालचा. १५९२ च्या युद्धांत जळाला आणि एकोणिसाव्या शतकांत पुन्हां उभा राहिला. २०२० च्या सप्टेंबरांत अमेरिकन दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठीं हे सात गायक तेथील सिंहासनमंदिरासमोर गाइले. त्या निमित्तानें आलेली मुलगी राजवाड्याचा इतिहासहि वाचून जाते. गाण्याच्या ओढीनें आलेल्यास इतिहास भेटावा, हा मार्ग पंडितांचा नसला तरी खोटा नव्हे. नाट्यसंगीताच्या नादानें संस्कृत नाटकांकडे वळलेले रसिक आपल्याकडेहि थोडे झाले नाहींत.

आतां, ज्यांना हा सर्व प्रकार परदेशी खूळ वाटतो त्यांस आम्ही आपल्याच वाङ्मयांतील एका ग्रंथाची आठवण देऊं इच्छितों. महानुभाव पंथाच्या मराठी गद्यांत ‘स्थानपोथी’ नांवाचा चौदाव्या शतकांतील एक ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामी कोणत्या गांवीं, कोणत्या देवळांत, कोणत्या दिशेला बसले, कोठें निजले, कोठें जेवले, याची त्यांत नोंद आहे. काव्यगुण शोधणाऱ्यास तो रुक्ष वाटेल. पण जेथें ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटानें माहितगारांना गांठून आठवणी गोळा केल्या, तेथेंच पुढच्यांनीं त्या आठवणी जमिनीवर नेमक्या कोठें टेकतात हें लिहून ठेवलें. त्या स्थानांवर ओटे बांधले गेले, आणि तेथें जाणारा भाविक त्या जागीं घडलेली लीळा आठवून नमस्कार करतो. ईश्वरपुरुष आणि गायक यांची बरोबरी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु कोणत्या चित्रांतला कठडा कोणत्या रस्त्यावर आहे हें अचूक सांगणारी डोंबिवलीची मुलगी आणि स्थानपोथीचा कर्ता यांच्या मनाची ठेवण एकच आहे, हें नाकारतां येणार नाहीं.

यांतलें मर्म त्याच पंथाच्या एका शब्दांत सांपडतें. स्वामींच्या प्रत्यक्ष सहवासाला सन्निधान म्हणत. ते निघून गेल्यावरचा काळ तो असन्निधान. असन्निधानांत स्मरणाचीं साधनें चार : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. म्हणजे त्यांनीं स्पर्श केलेली जागा, त्यांनीं वापरलेली वस्तु, संसार सोडून त्यांच्यामागें गेलेले अनुयायी आणि गृहस्थाश्रमांत राहिलेले अनुयायी. बीटीएसच्या चाहत्यांवरहि असा काळ येऊन गेला. कोरियांत तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे. डिसेंबर २०२२ मध्यें या वृंदांतला पहिला गायक सैन्यांत दाखल झाला आणि शेवटचा जून २०२५ मध्यें सेवेंतून मुक्त झाला. या सुमारें अडीच वर्षांत सातहि जण एकत्र गातांना दिसणें अशक्य होतें. स्थानांना महत्त्व येतें तें अशाच वेळीं. कलावंत समोर असतां त्याची जागा कोणी पाहत नाहीं. तो नसतांना जागा त्याचें काम करूं लागते.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे सर्वांत अधिक थट्टेचा विषय झालेला तो बसथांबाहि निराळा दिसूं लागतो. सोलच्या पूर्वेस समुद्रकांठीं गांगनुंग शहराच्या हद्दींत जुमुनजिन म्हणून गांव आहे. २०१७ सालीं या वृंदाच्या एका गीतसंग्रहाच्या छायाचित्रांसाठीं तेथील वाळूवर एक थांबा उभारला होता आणि काम होतांच तो काढून टाकला. चाहते तरीहि येऊं लागले, तेव्हां नगरशासनानें तसाच थांबा पुन्हां उभारला. तेथें बस येत नाहीं. पूर्वीहि कधीं येत नव्हती. प्रतिकृतीची ही प्रतिकृति पाहण्यास दूरदेशाहून जाणें हा भाबडेपणाचा कळस, असें कोणीहि म्हणेल.

पण त्या संग्रहांतलें प्रमुख गीत ऐकून पाहावें. ‘स्प्रिंग डे’ म्हणजे वसंताचा दिवस, हें त्याचें नांव. दुरावलेल्या मित्राची आठवण, न सरणारा हिंवाळा आणि भेटीची वाट पाहणें, एवढाच त्याचा विषय आहे. ज्या थांब्यावर कोणतीच गाडी येणार नाहीं तेथें समुद्राकडे पाहत बसणें, हा त्या गीताचा अर्थच नव्हे काय? तेथें घटकाभर गप्प बसून गीत आठवणाऱ्यास कोणत्याहि समीक्षालेखापेक्षां अधिक कांहीं मिळालें असेल. याच गीताच्या चित्रफितींत बर्फानें झांकलेलें एक ओसाड स्टेशन दिसतें. तें सोलजवळील इल्योंग. त्या मार्गावरची उतारूंची वाहतूक २००४ सालीं बंद पडली होती. ती जानेवारी २०२५ मध्यें पुन्हां सुरू झाली. कल्याण जंक्शनच्या गर्दींत वाढलेल्या माणसाला गाडी न येणाऱ्या फलाटाचें दुःख एकदम कळावयाचें नाहीं, पण गीत त्याला तें कळवितें, आणि फलाट त्याची खूण पटवितो. तेव्हां स्थान खरें कीं रचलेलें हा प्रश्न दुय्यम आहे. जाणारा कृति मनांत घेऊन गेला कीं नाहीं, हाच खरा प्रश्न होय. केवळ आपलेंच छायाचित्र काढून परतणाऱ्यास शेक्सपिअरचें अस्सल घरहि व्यर्थच आहे.

एवढें म्हटल्यावर दोन आक्षेप नोंदविल्याविना ही चर्चा पुरी होणार नाहीं. पहिला व्यापाराचा. प्रसाद म्हणजे त्या व्यक्तीच्या वापरांतली वस्तु. ती एकच असते, म्हणून तिला मोल येतें. कंपनी कारखान्यांत ढीगभर वस्तु काढून त्यांवर गायकांचीं चित्रें छापते, तेव्हां ती प्रसादाची भावना विकते, प्रसाद नव्हे. मुलींनीं खाणावळींतल्या भातावर खर्च केलेले पैसे आम्हांस खटकत नाहींत. या मालावर खर्च होणारे खटकतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थानपोथीचा नायक निघून गेलेला होता. हे गायक जिवंत आहेत. त्यांच्या राहत्या घराभोवतीं पाळत ठेवणाऱ्या, त्यांच्या खाजगी आयुष्यांत शिरणाऱ्या चाहत्यांना कोरियन भाषेंत ‘सासेंग’ असें वेगळें नांवच पडलें आहे. जिवंत कलावंताचें घर हें स्थान नव्हे. ही मर्यादा सुटली कीं तुतीचें झाड तोडणाऱ्या त्या मालकाची बाजू घ्यावी लागते.

आतां हंसणाऱ्यांविषयीं. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून वर्षभर चाललें. त्यांतलीं छप्पन्न गीतें आमच्या पिढीनें घरोघर ऐकलीं. तीं जेथें गाइलीं गेलीं त्या दालनाचें दार पाहावें असें आपल्यापैकीं किती जणांच्या मनांत आलें? कल्याणहून थोड्याच अंतरावर चेंबूरला १९४८ सालापासूनचें आर. के. चित्रपटगृहनिर्मितीचें आवार होतें. २०१७ च्या आगींत त्याची हानि झाली आणि २०१९ सालीं तें विकलें गेलें. त्यांतलीं गाणीं गुणगुणणाऱ्यांपैकीं कोणाला त्याची रुखरुख लागली? सुदैवानें सर्वच गेलें नाहीं. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली प्रभात कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली. १९३६ च्या तिच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाचा पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. तिच्या जागेवर १९६० सालीं शासनाची चित्रपटशिक्षणसंस्था उभी राहिली, आणि म्हणून तें कामाचें स्थान आजहि पुण्यांत दिसतें. कल्याणला सकाळची गाडी धरली तर एका दिवसांत जाऊन येतां येतें.

आमची पालकांस एवढीच सूचना आहे कीं, सोलचे बेत करणाऱ्या मुलीला हंसण्यापूर्वीं तिच्याकडून तें वसंताचें गीत एकदां ऐकून घ्यावें, त्याचा अर्थ विचारावा, आणि मग एखाद्या रविवारीं तिला घेऊन प्रभातच्या आवारांत जावें. स्थान कसें पाहावयाचें असतें हें कदाचित् तीच आपणांस शिकवील. तुकारामाच्या बोलपटांतला कोणता प्रसंग कोठें उभा केला असेल हें ती विचारील. तेव्हां उत्तर देतां यावें म्हणून तो बोलपट आपणांस पुन्हां पाहावा लागेल. स्थानदर्शनाचें फळ म्हणून रसिकाला यापेक्षां अधिक कांहीं मागतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.