‘मेकिंग हिस्टरी’ : ह्यू ओ'नीलचे दोन चेहरे

अल्स्टरमधील गेलिक सरदार घराण्यातील ह्यू ओ'नील याच्या वाट्याला दोन पदव्या आल्या. ‘अर्ल ऑफ टायरोन’ ही इंग्लंडच्या राजसत्तेने दिलेली. ‘ओ'नील’ ही १५९५ मध्ये कुलाचाराप्रमाणे स्वीकारलेली. या दुभंगावर ब्रायन फ्रिएल यांनी ‘मेकिंग हिस्टरी’ हे नाटक उभे केले. ‘फील्ड डे’ या संस्थेने १९८८ मध्ये डेरी येथे त्याचा पहिला प्रयोग केला.

नाटकातील ओ'नील उच्चवर्गीय इंग्रजी ढंगाने बोलतो; भावनावेग अनावर झाला की मात्र त्याच्या जिभेवर आयरिश वळण येते. ही योजना रंगभूमीवर फार परिणामकारक ठरते. तिच्यामागे ओ'नील इंग्लंडमध्ये वाढला ही जुनी समजूत आहे. हायरम मॉर्गन यांनी १९९३ च्या ग्रंथात तिला धक्का दिला. त्यांच्या मते तो आयर्लंडमधील इंग्रजी प्रदेशातच वाढला. तरीही नाटकाचे फारसे बिघडत नाही, कारण तेथील माणसालाही दोन्ही भाषांत वावरावेच लागे.

खरा पेच त्याची पत्नी मेबल बॅगेनल हिच्यासंबंधी आहे. शत्रुपक्षातील सेनाधिकाऱ्याची ही बहीण. नाटकात तिचा मृत्यू किन्सेलच्या पराभवाच्या (१६०१) सुमारास, बाळंतपणात होतो. प्रत्यक्षात ती १५९५ मध्येच निवर्तली होती. म्हणजे राजकीय आणि कौटुंबिक विनाश एकाच प्रवेशात यावा यासाठी फ्रिएल यांनी सहा वर्षे पुसून टाकली. आर्चबिशप लोम्बार्ड चरित्र लिहिताना जे करतो, तेच येथे नाटककार करतो! हा दोष मानावा काय? तसे म्हणता येत नाही. मात्र लोम्बार्डला दोषी ठरवण्याचा नाटककाराचा अधिकार त्यामुळे निश्चितच उणावतो आणि अखेरचा वाद अधिक प्रामाणिक होतो.

पूर्वार्धात लढायांच्या वार्ता पात्रांच्या तोंडून येतात आणि संवाद काही ठिकाणी माहितीच्या भाराने वाकतो. रोममधील प्रवेश मात्र असामान्य आहे. १६०७ मध्ये मायभूमी सोडलेला, मद्याच्या आहारी गेलेला म्हातारा ओ'नील आपल्या चरित्रात मेबलला मध्यवर्ती स्थान मिळावे म्हणून लोम्बार्डशी झगडतो. लोम्बार्डला हवा आहे तो युरोपातील कॅथलिकांसमोर ठेवण्याजोगा निष्कलंक वीर. शेवटी लोम्बार्ड गौरवगाथा वाचू लागतो आणि त्याच वेळी ओ'नील राणीपुढील आपल्या शरणागतीचे शब्द उच्चारतो. दोन्ही आवाज एकमेकांवरून जात राहतात. ओ'नील रडत असतो.